डिस्चार्ज मिळाला आणि तीन आठवड्यांत परत ॲडमिट – हे चक्र घरातून थांबवता येतं का?

पाऊलवाट

बाबांना सात महिन्यांत चार वेळा ॲडमिट करावं लागलं. हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करत नाही आणि अंगात पाणी साठतं, वय ७४, जोडीला शुगर. प्रत्येक वेळी तेच, आधी जिना चढताना दम, मग पायावर सूज, मग रात्री आडवं होता येत नाही म्हणून पलंगावर बसून रात्र काढायची, मग ॲम्ब्युलन्स. हॉस्पिटलात इंजेक्शनने पाणी काढलं की पाच-सहा दिवसांत माणूस परत हसायला-बोलायला लागतो आणि घरी सोडतात. दोन-तीन आठवडे गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हॉस्पिटलमधल्या उपचारांबद्दल माझी तक्रार नाही, तिथे त्यांनी चारही वेळा बाबांना वाचवलंय. मला बोलायचंय ते दोन ॲडमिशनच्या मधल्या दिवसांबद्दल, कारण तिथे कोणीच नसतं. जाड फाइल हातात पडते, शेवटच्या पानावर औषधं, "काही वाटलं तर या" म्हणतात. पण काय वाटलं तर? आम्हाला "काही वाटेपर्यंत" दर वेळी उशीर झालेला असायचा.

चौथ्या डिस्चार्जनंतर पहिल्यांदाच घरी नर्स आली, तिसऱ्याच दिवशी. मला वाटलं बीपी बघेल, लिहून घेईल आणि जाईल. ती म्हणाली बीपी नंतर, आधी घरातल्या सगळ्या गोळ्या इथे पलंगावर आणा, सगळ्या म्हणजे कपाटातल्या, बॅगेतल्या, उशीखालच्यासुद्धा. ढीगच झाला. मग बाबांना म्हणाली, काका सकाळी तुम्ही काय घेता ते मला सांगू नका, काढून दाखवा. बाबांनी एका स्ट्रिपमधून एक गोळी काढली, मग दुसऱ्या स्ट्रिपमधून एक काढली. पुढची नावं वेगळी, रंग वेगळे, पण पाठीमागे बारीक अक्षरात औषध एकच, मेटोप्रोलॉल, हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारं. एक जुन्या चिठ्ठीतली, एक हॉस्पिटलने लिहून दिलेली. म्हणजे रोज डबल डोस जात होता. त्यांना गळून गेल्यासारखं होतं, उठताना चक्कर येते ते आम्ही वयावर ढकलत होतो.

ढिगात डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली स्ट्रिप पण होती, गुडघ्यासाठी. ती कुठल्याच यादीत नव्हती कारण कोणी विचारलंच नाही आणि बाबांच्या लेखी ते औषध नव्हतंच, ती "गुडघ्याची गोळी" होती. नर्सने समजावून सांगितलं की ह्या प्रकारची वेदनाशामकं शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, एकीकडे लघवीची गोळी पाणी काढतेय आणि दुसरीकडे ही धरून ठेवतेय.

तिसरी गोष्ट मला अजून झोपू देत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलं म्हणून आदल्या खेपेला लघवीच्या गोळीचा डोस निम्मा केला होता, "आठवड्याने रक्त तपासून डोस ठरवणे" असं डिस्चार्ज समरीत लिहिलेलं. आम्ही आठवड्याने रक्त तपासलं. रिपोर्ट चांगला आला. मी तो नीट पंच करून फाइलला लावला. तो रिपोर्ट बघून डोस ठरवायचा कोणी हे ना आम्हाला माहीत होतं ना बहुतेक त्यांना. निम्म्या डोसवर बाबा राहिले आणि बारा दिवसांनी चौथी ॲडमिशन.

आता अकरा आठवडे घरी आहेत. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, वजन करायचं, वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर नर्सला फोन. दोनदा केला, दोन्ही वेळा तिने डॉक्टरांशी बोलून गोळी वाढवली, चार दिवसांत वजन खाली आलं.

इथे बरेच लोक ह्या क्षेत्रातले आहेत म्हणून विचारते. हे सगळ्यांसाठी का होत नाही? ह्यावर नीट अभ्यास झालाय का आणि नक्की कशाने फरक पडतो? आणि ज्यांच्या घरी असं चाललंय त्यांनी पण लिहा प्लीज.

मृदगंध

पाऊलवाट, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या घरीही रिपोर्ट फाइलला लावण्याचंच काम चालतं. आज घरी जाऊन सासऱ्यांच्या सगळ्या स्ट्रिप उलट्या करून वाचणार आहे.

निशिगंध

मी वॉर्डमध्ये नर्स आहे, चौदा वर्षं झाली. तुमच्या त्या नर्सला माझा नमस्कार सांगा.

आमच्या बाजूने काय होतं ते सांगते. डिस्चार्ज ठरतो सकाळच्या राउंडला, बेड दुपारपर्यंत रिकामा हवा असतो, मधल्या वेळात बिल, समरी, औषधं, गाडी. समजावून सांगायला खरा वेळ मिळतो पाच-सात मिनिटं, आणि तेव्हा पेशंटचं अर्धं लक्ष चपला कुठे आहेत इकडे असतं. त्यात तो माणूस चार-पाच रात्री धड झोपलेला नाही. रात्री दर दोन-तीन तासांनी आम्हीच उठवतो त्याला.

"समजलं ना?" असं विचारलं की शंभरातले शंभर लोक हो म्हणतात. मी पण म्हणाले असते. म्हणून मी ते विचारायचं सोडून दिलं. आता मी विचारते की आजोबा, घरी गेल्यावर मुलाने विचारलं की ही पिवळी गोळी कधी घ्यायची तर तुम्ही काय सांगाल? आणि पाय सुजले तर आधी काय करणार? त्यांच्या तोंडून परत ऐकायचं. टीच-बॅक म्हणतात ह्याला. पहिल्यांदा केलं तेव्हा मला धक्का बसला होता, एका आजींनी मला अगदी आत्मविश्वासाने सांगितलं की सूज आली की पाणी जास्त प्यायचं म्हणजे ती वाहून जाते. त्यांना मी नुकतंच नेमकं उलटं सांगितलं होतं, आणि त्यांनी मान पण डोलावली होती.

आणि तो रक्ताचा रिपोर्ट. हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय. "तपासून ठरवणे" ह्या वाक्याला कर्ताच नसतो. कोणी तपासायचं, कोणी ठरवायचं, कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरवर कळवायचं, हे चार शब्द लिहिले तर किती ॲडमिशन वाचतील.

आकडेमोड

पाऊलवाट, अभ्यास भरपूर झालाय. मी आरोग्याच्या डेटावर काम करतो त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ह्या विषयावर ज्याचा दाखला सगळे देतात तो पेपर २००९ चा आहे, स्टीफन जेन्क्स, मार्क विल्यम्स आणि एरिक कोलमन ह्यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. अमेरिकेत मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या वरच्या लोकांची सरकारी विमा योजना आहे, तिच्या २००३-०४ मधल्या जवळपास १ कोटी १८ लाख पेशंटचा डेटा त्यांनी बघितला. ३० दिवसांत परत ॲडमिट झालेले १९.६ टक्के, ९० दिवसांत ३४ टक्के. पण मला त्यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशनशिवायच्या आजारातून घरी जाऊन ३० दिवसांत परत आलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या बाबतीत मधल्या काळात डॉक्टरला दाखवल्याचं एकही बिल नव्हतं. म्हणजे हॉस्पिटलातून निघाले ते थेट हॉस्पिटलातच परत आले, मध्ये कोणीही बघितलं नाही. तुम्ही "तिथे कोणीच नसतं" असं लिहिलंय ना, तेच.

रिपोर्टचंही आहे. २००५ च्या एका अभ्यासात ४१ टक्के पेशंटचे काही ना काही रिपोर्ट डिस्चार्जच्या वेळी यायचेच बाकी होते, आणि त्यातले जे महत्त्वाचे निघाले ते बऱ्याचदा डॉक्टरांना माहीतच नव्हते. आणि २००३ साली अमेरिकेत ॲलन फॉर्स्टर ह्यांनी ४०० जणांना डिस्चार्जनंतर गाठून विचारपूस केली, तर १९ टक्के लोकांना आजारामुळे नाही तर उपचारांमुळे काहीतरी त्रास झालेला, त्यातही सगळ्यात जास्त औषधांमुळे.

निशिगंध यांनी झोपेचं लिहिलंय त्यावरून आठवलं. हार्लन क्रमहोल्झ म्हणून येलचे हृदयरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी २०१३ मध्ये एक कल्पना मांडली, पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम. हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होऊन घरी गेलेले लोक ३० दिवसांत परत येतात तेव्हा त्याच कारणाने येणारे फक्त ३७ टक्के असतात, न्यूमोनियात तर २९ टक्के. बाकीचे भलत्याच कारणाने, कोणी पडलं, कोणाला इन्फेक्शन, कोणाच्या पोटाचं. त्यांचं म्हणणं असं की हॉस्पिटलातले ते दिवसच, म्हणजे जागरण, उपाशी ठेवणं, पडून राहून गेलेली ताकद, गोंधळलेलं डोकं, माणसाला काही आठवडे सगळ्याच बाबतीत नाजूक करून सोडतात.

स्टेथो

सगळं पटतंय पण डॉक्टर म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण असे धागे हळूहळू "परत ॲडमिट झाला म्हणजे कोणाचीतरी चूक" इथे येतात.

प्रत्येक रीॲडमिशन टाळता येण्यासारखी नसते. हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट धापेचा आजार), किडनी हे वाढत जाणारे आजार आहेत. कधीकधी परत ॲडमिट करणं हाच योग्य उपचार असतो. १९९६ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या नऊ हॉस्पिटलांत एक प्रयोग झाला, शुगर, सीओपीडी, हार्ट फेल्युअरचे जवळपास १४०० पेशंट, निम्म्यांना डिस्चार्जच्या आधीपासून नर्स आणि फॅमिली डॉक्टर नेमून दिले, लवकर फॉलोअप दिला. ज्यांना ही जास्तीची काळजी मिळाली ते जास्त समाधानी होते पण त्यांच्या रीॲडमिशन वाढल्या, कमी झाल्या नाहीत! जास्त वेळा बघितलं की जास्त सापडतं, हे एक कारण असू शकतं. आता ह्याला तुम्ही अपयश म्हणाल का?

आणि दंड. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून ज्या हॉस्पिटलची ३० दिवसांची रीॲडमिशन अपेक्षेपेक्षा जास्त त्याचे मेडिकेअरचे पैसे कापतात, सुरुवातीला १ टक्क्यापर्यंत, नंतर ३ टक्क्यांपर्यंत. त्याने आकडे खाली आले हे खरं आहे. पण २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला की त्याच काळात हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे घरी गेल्यानंतर ३० दिवसांतले मृत्यू वाढले. दंडामुळेच वाढले का ह्यावर अजून वाद आहेत आणि उलट निष्कर्षाचे अभ्यासही आहेत. पण इमर्जन्सीत धाप लागलेला माणूस समोर असताना कोणाच्या मनात "हा ३० दिवसांच्या आतला आहे" असा विचार यावा ही गोष्टच मला भयंकर वाटते. शिवाय दंड जास्त कोणाला बसला, तर गरीब वस्तीतल्या हॉस्पिटलांना, ज्यांचे पेशंट घरी जाऊन एकटे राहतात त्यांना. पुढे नियम बदलून सारख्या हॉस्पिटलांची सारख्यांशी तुलना सुरू केली, पण तोपर्यंत काही वर्षं गेली.

तेव्हा पाऊलवाट, तुमच्या बाबांच्या तीन गोष्टी नक्कीच टाळता येण्यासारख्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण मोजायचं काय हे जपून ठरवायला हवं.

पाऊलवाट

स्टेथो, धन्यवाद, मला चूक कोणाची हे शोधायचंच नाहीये. मी स्वतः तो रिपोर्ट फाइलला लावला. मला एवढंच कळायला हवंय की कशाने फरक पडतो. घरी नर्स येते ह्याने पडतो का?

आकडेमोड

पडतो असं दाखवणारे चांगले अभ्यास आहेत. मेरी नेलर, पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक, त्यांनी १९९९ मध्ये ३६३ वयस्क पेशंटवर ट्रायल (दोन गट करून तुलना) केली. जास्तीचं शिक्षण घेतलेली एकच नर्स हॉस्पिटलात असतानाच पेशंटला भेटायची, घरी सोडताना सोबत असायची, घरी यायची, फोनवर सापडायची. २४ आठवड्यांत परत ॲडमिट झालेले नेहमीच्या पद्धतीत ३७.१ टक्के, तिच्याकडे २०.३ टक्के. दुसरं मॉडेल एरिक कोलमन यांचं, २००६ चं. त्यात कोच पेशंटसाठी काम करत नाही, त्याला आणि घरच्यांना शिकवतो: औषधं स्वतः कशी सांभाळायची, स्वतःची माहिती असलेली वही, फॉलोअपमध्ये काय विचारायचं, धोक्याची लक्षणं कुठली. ३० दिवसांत ११.९ वरून ८.३ टक्के.

पण प्रामाणिकपणे दुसरं पण सांगतो, कारण मी स्वतः त्या वेळी खूप निराश झालो होतो. न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी सगळ्यात जास्त वेळा ॲडमिट होणारे लोक शोधून त्यांच्यासाठी नर्स, सोशल वर्कर, आरोग्य सेवक अशी टीम उभी केली. घरी जायचं, औषधं लावून द्यायची, डॉक्टरकडे सोबत जायचं, घर-कागदपत्रं-सरकारी मदत सगळ्यात हात द्यायचा. ॲडमिशन एकदम कमी झाल्या, सगळीकडे कौतुक झालं. मग त्यांनी स्वतःहून ट्रायल करू दिली, ८०० पेशंट, निम्म्यांना टीम, निम्म्यांना नेहमीचं. २०२० च्या जानेवारीत निकाल आला. सहा महिन्यांत परत ॲडमिट झालेले: टीमवाले ६२.३ टक्के, बाकीचे ६१.७. काहीच फरक नाही.

ठाम_मत

मग संपलाच की विषय. एवढी माणसं लावून शून्य फरक असेल तर घरी येणाऱ्या नर्सवर पैसे खर्च करण्यापेक्षा हॉस्पिटलात बेड वाढवा.

आकडेमोड

संपला नाही, थांबा. टीम मिळालेल्यांच्या ॲडमिशन खरंच कमी झाल्या होत्या, पण टीम न मिळालेल्यांच्याही तेवढ्याच कमी झाल्या. माणूस सगळ्यात वाईट काळात असतो तेव्हा आपण त्याला निवडतो, त्यानंतर बरेच जण आपोआप थोडे सावरतात. तुलनेला दुसरा गट नसेल तर ते श्रेय आपण आपल्याकडे घेतो. आधी दिसलेलं यश ते होतं.

आणि कॅमडेनचे पेशंट खूप गुंतागुंतीचे होते, अनेक आजार, व्यसन, घराचा पत्ता नाही, मानसिक आजार. नर्सने फॉलोअपला जा म्हणून काय उपयोग जर वेळेत अपॉइंटमेंटच मिळत नसेल, राहायला जागा नसेल? टीमने पेशंटला दारापर्यंत नेलं पण दाराच्या आत द्यायला काही नव्हतं. नेलर यांचे पेशंट वेगळे होते, घर होतं, घरचे होते, आजार ठरावीक होते. एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

पाऊलवाट

हे वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. म्हणजे बाबासुद्धा आपोआप सावरले असते असं असू शकतं का? अकरा आठवडे हा योगायोग?

मग विचार केला. असेल थोडं तसं. पण डबल मेटोप्रोलॉल आपोआप बंद झालं नसतं. ती स्ट्रिप अजून अर्धी भरलेली होती आणि बाबा ती संपवणारच होते, औषध वाया घालवायचं नाही हा त्यांचा स्वभाव आहे. ते कोणीतरी घरात येऊन, पलंगावर बसून, काढून दाखवा म्हणाल्याशिवाय सापडलं नसतं.

खलबत्ता

औषधं देणं हेच माझं काम, फार्मासिस्ट आहे. पाऊलवाट यांचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही.

डिस्चार्जनंतर औषधांत काय बदललं हे तीन शब्दांत लिहायला हवं, प्रत्येक औषधापुढे: नवीन, बदललं किंवा बंद. त्यात "बंद" ची यादी जवळपास कुठेच नसते! हॉस्पिटल काय घ्यायचं ते लिहितं, काय घ्यायचं नाही ते लिहीत नाही, आणि घरी जुन्या स्ट्रिप तशाच पडलेल्या. लोक प्रामाणिकपणे दोन्ही घेतात. एकदा एक मावशी माझ्याकडे तीन चिठ्ठ्या घेऊन आल्या, तीन डॉक्टरांच्या, तिन्हींत ॲसिडिटीची गोळी होती, वेगवेगळ्या नावाने, त्या तिन्ही घेत होत्या आणि म्हणत होत्या भूकच नाही हो, गोळ्यांनीच पोट भरतं.

गोळ्यांच्या रंगीत खणांच्या डब्याबद्दल एक सूचना. डबा चांगलाच, पण तो एकाच माणसाने भरायचा. घरात दोघं जण भरतात तिथे हमखास घोळ होतो. आणि औषध बदललं की डबा पूर्ण रिकामा करून नव्याने भरा, आहे त्यात एक गोळी टाकू-काढू नका.

इनहेलर वापरणाऱ्यांसाठी: डॉक्टरने नुसतं लिहून दिलं म्हणजे औषध छातीत पोचत नाही. दाबायचा स्प्रे असेल तर हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग दाबताना सावकाश आत ओढायचा आणि दहा सेकंद धरायचा. पावडरचा असेल तर उलट, जोरात आणि झटकन ओढायचा. एकाच माणसाकडे दोन्ही प्रकार असतील तर तो दोन्ही एकाच पद्धतीने ओढतो, हे मी रोज बघतो. समोर करून दाखवायला सांगितलं तर दोन मिनिटांत कळतं.

वाफाळ

मोबाइलला जोडलेले वजनकाटे, घड्याळं आली आहेत आता, वही कशाला? आकडा आपोआप डॉक्टरकडे जाईल. हे सगळ्यांना दिलं तर नर्सचीही गरज नाही.

स्टेथो

वाफाळ, हे करून झालंय. २०१० मध्ये टेली-एचएफ नावाची ट्रायल आली, हार्ट फेल्युअरचे १६५३ पेशंट. रोज फोन करून वजन आणि लक्षणं मशीनला सांगायची, ती डॉक्टरांकडे जायची. फरक काहीच पडला नाही. सातातल्या एकाने तर एकदाही फोन केला नाही आणि शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा करणारे निम्म्याच्या थोडे वर उरले. उलट २०१८ मध्ये जर्मनीत टिम-एचएफ२ झाली, १५७१ पेशंट, वजन-बीपी-ईसीजी रोज बर्लिनच्या केंद्रात जायचं आणि तिथे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले, आकडा बिघडला की ते लगेच पेशंटला फोन करून औषध बदलायचे. तिथे हॉस्पिटलात गेलेले दिवस आणि मृत्यू मिळून खरोखर कमी झाले.

दोन्ही अभ्यासांत पेशंट पण वेगळे होते, त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवत नाही. पण माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या ओपीडीत रोज आकडे येऊन पडायचे आणि ते मी संध्याकाळी बघायचो, तोपर्यंत शुक्रवारचा आकडा सोमवारचा झालेला असायचा. ते कोणी बघायचं हे नाव घालून ठरवल्यावर आम्हाला फरक दिसला. निशिगंध यांचं "वाक्याला कर्ता नसतो" हे मी आता आमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

सांजवारा

मी एवढं शिकलेली नाही पण अनुभव लिहिते. आईला सीओपीडी होता. ती आणि मी दोघीच. दिवसा सगळं ठीक असायचं. रात्री दोन वाजता तिला श्वास पुरायचा नाही आणि ती माझा हात घट्ट धरायची, तेव्हा मला दुसरं काही सुचायचं नाही, हॉस्पिटल एवढंच सुचायचं. नंतर लक्षात आलं की त्यातल्या दोन-तीन वेळा तरी तिचा ऑक्सिजन ठीक होता, ती घाबरली होती आणि मी तिच्यापेक्षा जास्त. रात्री फोन उचलणारं कोणी असतं, पुढे वाकून बसवा, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायला सांगा, दहा मिनिटांनी मी परत फोन करते, एवढं कोणी म्हणालं असतं तर...

शेवटच्या वर्षात ती सहा वेळा ॲडमिट झाली. सहाव्यांदा तिने मला सांगितलं की मला आता परत तिथे जायचं नाही. हे तिला आधी कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. विचारायची भीती वाटायची की म्हणजे मी हार मानली असं तिला वाटेल.

स्टेथो

सांजवारा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे विचारणं आमचं काम होतं, तुमचं नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी, म्हटलं की लोकांना उपचार थांबवणं वाटतं, पण ती उपचारांच्या जोडीने सुरू करायची असते, धाप आणि भीती दोन्हीवर औषधं आहेत, आणि घरी काय हवं काय नको हे पेशंटच्या तोंडून आधीच ऐकून लिहून ठेवायचं असतं. वाढत्या आजारात तिसऱ्या ॲडमिशनला हे बोलणं झालं नसेल तर डॉक्टरला तुम्ही आठवण करून द्या, तो तुमचा हक्क आहे.

निशिगंध

सांजवारा, रात्रीच्या ड्यूटीला असे फोन आम्हाला वॉर्डमध्ये येतात, आणि उचलायला वेळ असेल ती रात्र चांगली. एरवी वाजत राहतो.

स्टेथो, खुशाल सांगा.

नवा_दिवस

सगळा धागा एका दमात वाचला कारण आईला गुरुवारी सोडणार आहेत, न्यूमोनिया झाला होता, वय ८१, त्यात शुगर. निशिगंध ताई, निघताना मी नेमकं काय काय विचारून घेऊ? घरी मी आणि बायको, दोघंही नोकरीला जातो.

निशिगंध

गुरुवारची वाट बघू नका, बुधवारी संध्याकाळी विचारा, तेव्हा आम्हाला थोडा वेळ असतो. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन या आणि खलबत्ता म्हणतात तसं प्रत्येकीपुढे नवीन, बदललं, बंद असं लिहून घ्या, बंद केलेल्या त्याच दिवशी घरातून काढा. अँटिबायोटिक किती तारखेपर्यंत ते विचारा. कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत आणि आले की कोण बघणार, त्या डॉक्टरांचं नाव लिहून घ्या. फॉलोअपची अपॉइंटमेंट हातात तारीख-वेळ घेऊनच निघा, आठवड्याच्या आतली मागा, "एक-दोन आठवड्यांनी दाखवा" यावर निघू नका. कुठल्या लक्षणाला फोन करायचा आणि कुठल्याला थेट यायचं हे वेगवेगळं विचारा. ह्या वयात ताप येईलच असं नाही, आई अचानक गोंधळल्यासारखी बोलायला लागली, सुस्त पडून राहिली किंवा खाणंपिणं सोडलं तर तेही लक्षणच समजा. शुगरच्या औषधाचं खास विचारा, आजारपणात खाणं कमी झालेलं असतं आणि डोस जुनाच चालू राहिला तर शुगर एकदम खाली जाते.

आणि सोडायच्या आधी त्यांना आमच्यासमोर पलंगावरून उठवून बाथरूमपर्यंत चालवून बघा. हॉस्पिटलात आठवडाभर पडून राहिलेलं माणूस घरी पहिल्या रात्री बाथरूमला जाताना पडतं. पहिले चार-पाच दिवस दोघांपैकी एकाला रजा मिळाली तर घ्याच.

नवा_दिवस

बायकोला रजा मिळाली सोमवारपर्यंत, पुढे मी घेतोय. हे सगळं कागदावर लिहून घेतलंय. आत्ता हॉस्पिटलातच आहे, सिस्टरना गोळ्यांची पिशवी दिली, त्या बसून एकेक स्ट्रिप बघतायत. प्रेशरची एक गोळी बंद निघाली, आई ती घरी रोज घेते.

पाऊलवाट

ती स्ट्रिप तिथेच देऊन या, घरी आणू नका.

नवा_दिवस

दिली. आणि एक रिपोर्ट बाकी आहे, शनिवारी येणार. कोण बघणार विचारलं तर आधी "कळवू" म्हणाले, मी परत नाव विचारलं, मग त्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर समरीवर पेनाने लिहून दिला. शनिवारी अकराला मीच फोन करतो.